फुटबॉल मॅचला लाइनमननं फ्लॅग उचललाच नाही, रिपोर्ट करू का गप बसू?

शिट्टीवाला_लातूर

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं झाली कॉलेजच्या फुटबॉल मॅचेसला रेफ्री म्हणून जायलोय. पोटापाण्याचं मेडिकल दुकान आहे, हे आपलं आवडीचं. परवाच्या आंतरमहाविद्यालयीन सेमीफायनलला जे झालं ते डोक्यातून जाईना म्हणून इथं लिहायलोय. कॉलेजचं नाव, गाव काही विचारू नका, सांगणार नाही.

मॅच यजमान कॉलेजच्याच ग्राउंडवर होती. रात्री पाऊस पडून गेलेला, काळी माती, एका गोलपोस्टसमोर नुसता रेंदा, फक्कीची रेघ पुसून गेली होती ती सकाळी परत मारून घेतली. आम्ही तिघं रेफ्री यायचो होतो त्यातल्या एकाचा सकाळी सातला फोन, सोयाबीनची रास करायचीय, मळणीयंत्र आजच मिळालंय, येत नाही. आता याला काय बोलणार. मग तिथल्या क्रीडा संचालक सरांनी त्यांच्याच कॉलेजचा एक माजी विद्यार्थी लाइनमन, म्हणजे रेघेवरून फ्लॅग दाखवणारा सहायक रेफ्री, म्हणून उभा केला. पोरगं चांगलंय, बीपीएड करायलंय, फ्लॅग कोणत्या हातात धरायचा हेपण मीच शिकवलंय त्याला. म्हणून मी हो म्हणलो.

शेवटची दहा-बारा मिनिटं राहिलेली, १-१ बरोबरी. पाहुण्या टीमचा फॉरवर्ड शेवटच्या डिफेंडरला कट मारून डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या पेनल्टीच्या चौकटीत घुसला, समोर फक्त गोली, अन् मागून त्या डिफेंडरनं टी-शर्ट असा ओढला की कॉलर फाटून हातात आली. मी पेनल्टी दिली, डिफेंडरला यलो दाखवलं. झालं, सगळा बेंच आत, संचालक सर तर थेट माझ्या छातीपाशी, "टीम बाहेर काढतो, पुढच्या वर्षी तुला कोण बोलवतंय बघतो." पाच मिनिटं त्यातच गेली.

मग किक झाली आणि गोलीनं अडवली. पण किक मारायच्या आधीच गोली चांगला दोन पावलं पुढं आलेला. मी डीच्या रेघेवरची पोरं आत शिरतात का ते बघत होतो, गोलीचे पाय बघायचं काम लाइनमनचं. तो बरोबर जागेवर होता, गोललाइन अन् डीची रेघ मिळते तिथं, फ्लॅग खाली. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं, फ्लॅग खालीच. मी कॉर्नर दिला. नंतर टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी शूटआउटवर यजमान जिंकले.

संध्याकाळपर्यंत क्लिप सगळ्या ग्रुपवर. रात्री पोराला फोन केला तर लई वेळ गप, मग म्हणला, "सर दिसलं होतं. हात वरच गेला नाही. मला उद्या त्याच कॉलेजात जायचंय ना."

आता सांगा, याचा रिपोर्ट करू का? केला तर पोराचं रेफ्रीपण इथंच संपतं, नाही केला तर मला झोप नाही. आणि मुळात असल्या मॅचेसला आपण सरळ राहायचं तर कसं राहायचं?

—

पांढरी_रेघ

परभणीहून लिहितोय, शिट्टी टांगून आता बारा वर्षं झाली, गुडघे गेले. तुला अरेतुरे करतो, राग मानू नको.

आधी कायद्याचं बोलू. फुटबॉलच्या नियमपुस्तकातला नियम सहा वाच, लाइनमन आणि बाकी सगळे अधिकारी रेफ्रीच्या हाताखाली असतात, कुणी उगंच लुडबूड केली किंवा वागणं बरोबर नसलं तर रेफ्रीनं त्याला कामावरून मोकळं करायचं आणि संबंधितांना रिपोर्ट द्यायचा. त्यामुळं "करू का" हा प्रश्नच नाही, करायचा. निकाल मात्र बदलत नाही. तू कॉर्नर दिलास, कॉर्नर घेतला गेला, खेळ परत सुरू झाला की मागचा निर्णय फिरवता येत नाही हा नियम पाच. आणि मोबाइलची क्लिप तर जिथं व्हीएआर (व्हिडिओ बघणारा रेफ्री) नाही तिथं बघायचीच नसते, हे त्या पाहुण्या टीमच्या कोचलाही सांग म्हणजे तो अर्ज घेऊन विद्यापीठात चकरा मारणार नाही.

त्या गोलीचं म्हणशील तर किक होईपर्यंत एका पायाचा तरी काही भाग रेघेवर, रेघेच्या वर हवेत किंवा मागं पाहिजे. पुढं आला आणि किक अडवली तर पेनल्टी परत. पहिल्या वेळेस गोलीला नुसती समज, परत केलं की यलो. म्हणजे पोरानं फ्लॅग उचलला असता तरी कुणाला कार्डसुद्धा निघालं नसतं रे, नुसती परत किक. तेवढ्यासाठी घाबरलं पोरगं.

पण मला दुसरंच विचारायचंय. मॅचच्या आधी जेवलास कुठं?

—

पीडी_सर_बीडकडचे

मी स्वतः क्रीडा संचालक आहे आणि अशा स्पर्धा भरवतो म्हणून आमची बाजू पण ऐका. सगळे रेफ्री लोकं आम्हाला शिव्या घालतात पण कुणाला माहीत नाही स्पर्धा कशी भरवतात ते. ग्राउंडला पाणी मारायचं (किंवा पाऊस पडला तर पाणी काढायचं), फक्की, नेट, पोरांचं जेवण, ट्रॉफ्या, प्राचार्यांचं भाषण, आणि त्यात रेफ्री तीन पाहिजेत चार पाहिजेत, आणायचे कुठून? जिल्ह्यात क्रिकेटचे अंपायर पायलीला पन्नास, कबड्डीचे पंच प्रत्येक गावात, फुटबॉलचा धड रेफ्री हाताच्या बोटावर मोजण्याइतका. संभाजीनगरला आमखास मैदानावर खेळणारी-खेळवणारी माणसं आहेत, तिथून बोलवावं तर टीए-डीए (प्रवासभत्ता) द्यायला बजेटात हेडच नाही. मग आपलाच माजी विद्यार्थी उभा केला तर काय गुन्हा केला? सगळेच करतात.

आणि ते सर ओरडले ते चूकच, मी त्यांचं समर्थन करत नाही, पण घरच्या मैदानावर शेवटच्या दहा मिनिटांत पेनल्टी म्हणल्यावर माणूस ओरडतोच ना राव. आपण पण माणसंच.

—

विंगर_सात

हिंगोलीकडून खेळतो, फायनल इयर. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून विचारायलोय, चूक असलं तर सांगा.

शेवटचा डिफेंडर, समोर फक्त गोली, मागून शर्ट ओढला, कॉलर फाटली. याला यलो कसं काय? रेड नाही का हे?

—

पांढरी_रेघ

शाबास. मी हेच विचारायला जेवणाची गोष्ट काढली होती, पोरानं सरळ विचारलं.

बाकीच्यांसाठी सांगतो. २०१६ च्या आधी डीमध्ये गोलची स्पष्ट संधी हाणून पाडली की पेनल्टी, वर रेड, वर पुढच्या मॅचची बंदी, म्हणजे एकाच चुकीला तीन शिक्षा व्हायच्या. ते बदललं. आता डिफेंडर बॉलला खेळायला गेला आणि चुकून पाय लागला तर पेनल्टी आणि यलो. पण ओढणं, ढकलणं, धरून ठेवणं, यात बॉल खेळायचा प्रयत्नच नसतो, तिथं रेडच. कॉलर हातात आली म्हणतोस म्हणजे बॉलचा आणि त्या डिफेंडरचा काही संबंध नव्हता. यजमान टीम दहा जणांवर यायला पाहिजे होती, आणि टायब्रेकरआधीची ती दहा मिनिटं दहाच जणांनी खेळायची होती.

लेका, तुला नियम माहीत नव्हता असं मला वाटत नाही. म्हणून विचारलं, जेवलास कुठं.

—

शिट्टीवाला_लातूर

काका, दोन तास झाले तुमचा मेसेज वाचून, काय लिहावं कळेना.

नियम माहीत होता. हात रेडच्या खिशाकडंच गेला होता, रेड मी मागच्या खिशात ठेवतो अन् यलो पुढच्या, हात मागं जाऊन परत पुढं आला हे माझं मला आठवतंय. त्या वेळेस डोक्यात काय आलं तर पेनल्टी दिलीय ना, तेवढं बास, आणखी कशाला.

आणि हौ, जेवलो संचालक सरांच्याच घरी. रात्री मुक्कामालाच बोलवलं होतं त्यांनी, एसटी सकाळची पोहोचत नाही म्हणून. वहिनींनी गरम भाकरी अन् झुणका केला, सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला, त्यांच्या मुलीनं चहा आणून दिला, "काका आमच्या टीमला जिंकवा हं" म्हणली, सगळे हसले, मी पण हसलो. पाकीटपण मॅचच्या आधीच खिशात आलेलं, मानधनाचेच पैसे होते, एक रुपया जास्त नाही, पण दिले ते सरांनी स्वतःच्या हातानं.

मी इथं पोराचा रिपोर्ट करू का म्हणून विचारायला आलो होतो.

—

सेलूकर_ओहायो

मी सेलूचा, नोकरीमुळं अमेरिकेत ओहायोत आहे. इथं शनिवारी कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्याकडं जत्रा भरते तसं वातावरण, पण ते फुटबॉल वेगळं बरं का, हातात धरून पळायचं, हेल्मेटवालं. एकेका कॉलेजच्या स्टेडियमात लाख माणूस बसतंय. मला वाटायचं एवढा पैसा आहे म्हणजे रेफ्री पगारी असतील, तर नाही, बहुतेकांची दुसरी कामं आहेत, कुणी वकील, कुणी मास्तर, कुणी विमा विकतंय, आणि शनिवारी पट्ट्यापट्ट्याचा शर्ट घालून उभे. मोठ्या कॉलेजांच्या मॅचला मैदानात आठ जण असतात, वर व्हिडिओ बघणारे वेगळे.

तरी चुका होतातच. १९९० ला ६ ऑक्टोबरला कोलोरॅडो विरुद्ध मिसूरी झाली होती. त्या खेळात दहा यार्ड जायला चार डाव मिळतात, रेफ्री लोकांचा हिशोब चुकला आणि कोलोरॅडोला पाचवा डाव मिळाला, त्याच पाचव्या डावावर शेवटच्या क्षणी त्यांनी गुण केले, ३३-३१ जिंकले. अख्ख्या स्टेडियमात मोजता येणारे कितीतरी असतील! निकाल तसाच राहिला पण ती रेफ्रींची अख्खी टोळी बेमुदत निलंबित. अन् गंमत म्हणजे मॅच मिसूरीच्या घरी होती, म्हणजे तिथं नुकसान यजमानांचंच झालं.

आणखी एक अलीकडचं, ३१ ऑक्टोबर २०१५, मायामी विरुद्ध ड्यूक. शेवटच्या किकवर मायामीच्या पोरांनी आठ वेळा बॉल मागं मागं एकमेकांकडं फेकत शेवटी पलीकडं नेला, त्यात एकाचा गुडघा आधीच जमिनीला टेकलेला, व्हिडिओ बघूनही वरच्यांना दिसलं नाही. निकाल बदलला नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कॉन्फरन्सनं (कॉलेजांच्या गटाची स्पर्धा चालवणारी संघटना) जाहीर सांगितलं की चुका झाल्या, आणि मैदानातले अन् व्हिडिओवाले सगळे दोन मॅच बाहेर.

मला सांगायचं ते एवढंच की इथं रेफ्री कोण जाणार हे यजमान कॉलेज ठरवत नाही. कॉन्फरन्स ठरवते, पैसे कॉन्फरन्सकडून येतात, मॅच झाल्यावर व्हिडिओ बघून प्रत्येकाचे मार्क कॉन्फरन्सच काढते. कोच कितीबी बोंबलला तरी "पुढच्या वर्षी तुला बोलवत नाही" असं म्हणता येत नाही, कारण बोलवणारा तो नसतोच.

—

पीडी_सर_बीडकडचे

सेलूकर साहेब, लाख माणूस येतंय तिथं तिकिटाचे पैसे पण येतात. आमच्या फायनलला दीडशे पोरं, दोन कुत्री आणि एक आइस्क्रीमवाला. कॉन्फरन्स बिन्फरन्स कुठून आणायची.

पण खरं सांगतो, तुमचा शेवटचा मुद्दा वाचून जरा थांबलो. आमच्याकडं पण रेफ्रीला फोन मीच करतो, पाकीट मीच देतो, आणि बेंचवर माझीच टीम घेऊन मीच बसतो. कधी खटकलं नाही. रेफ्रीची नावं विद्यापीठाच्या क्रीडा विभागानं किंवा जिल्हा संघटनेनं पाठवायची आणि मानधन परस्पर खात्यावर टाकायचं, याला जास्तीचा खर्च काहीच नाही, यूपीआयचा जमाना आहे. मी पुढच्या बैठकीत हा विषय काढतो. मंजूर होईल का नाही ते सांगू शकत नाही, आमच्या बैठकीत अर्धा वेळ चहा येतो का नाही यावरच जातो.

—

विंगर_सात

सर तुमच्या टीमविरुद्ध खेळलोय मी 😀 तुमचा आवाज पलीकडच्या गोलपर्यंत येतो.

—

पांढरी_रेघ

लातूरकरा, लिहिलंस ते बरं केलंस. पाहुणचार वाईट नसतो रे, आपल्या भागात आलेल्याला उपाशी कुणी पाठवत नाही, आणि नको म्हणलं की समोरच्याला अपमान वाटतो. माझी रीत सांगतो. मी कधी कुणाला "नको" म्हणलो नाही, "मॅचनंतर" म्हणायचो. वहिनी, जेवणार तर तुमच्याकडंच, पण शिट्टी वाजल्यावर. शेवटची शिट्टी झाल्यावर ज्यानं जेवायला बोलावलं त्याच्याकडं मनसोक्त जेवलोय, आणि खरं सांगतो, एकदा एक टीम हरल्यावर कुणी बोलवायलाच आलं नाही, स्टँडवर येऊन भजे खाल्ले अन् एसटीनं घरी आलो.

आता तू म्हणतोस बेंच आत आला, सर छातीपाशी आले. त्यांना कार्ड का नाही दाखवलं? २०१९ पासून कोच, मॅनेजर, बेंचवरचा कुणीबी असो, यलो-रेड दाखवता येतं. घोळक्यात ओरडलं कोण ते कळलं नाही तर तिथं हजर असलेल्या सर्वात वरच्या कोचला ते कार्ड जातं. हे एकदा केलं की पुढचा माणूस मागच्यांची तोंडं स्वतःच बंद करतो. आणि टॉसच्या वेळेलाच दोन्ही कॅप्टनला सांगून ठेवायचं, बोलायचं तर फक्त तू बोलायचं, बाकी कुणी जवळ आलं तर यलो. हे आता आंतरराष्ट्रीय पातळीवरच मार्गदर्शक म्हणून आलंय, तुझ्या मनचं नाही.

टीम बाहेर काढतो म्हणाले त्याला पण घाबरायचं नाही. काढू दे. ३ मार्च २०२३ ला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) प्लेऑफला केरळा ब्लास्टर्सनं काढली की, बंगळुरूच्या छेत्रीनं भिंत लागायच्या आत फ्रीकिक मारून गोल केला, रेफ्रीनं गोल दिला, ब्लास्टर्सचा कोच टीम घेऊन निघून गेला. त्या रात्री टीव्हीपुढं बसलेला अर्धा देश रेफ्रीला शिव्या देत होता. पुढं काय झालं? मॅच परत खेळवा म्हणाले ते फेटाळलं, क्लबला ४ कोटी दंड, कोचला १० मॅचची बंदी. रेफ्रीचं काम एवढंच, घड्याळ बघायचं, किती वेळ वाट बघितली ते लिहायचं, अन् मॅच थांबली तर कोणत्या मिनिटाला आणि कशामुळं ते रिपोर्टात टाकायचं. शिक्षा देणारे दुसरे.

राहिला रिपोर्ट. छोटा लिही. मत लिहू नको, काय दिसलं ते लिही. "लाइनमन पक्षपाती होता" हे मत. "पेनल्टीच्या वेळी गोलरक्षक किकआधी रेघ सोडून पुढे आला, सहायकाने इशारा केला नाही, नंतर फोनवर त्याने दिसले होते असे सांगितले, सहायक यजमान महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी होता व त्याची नेमणूक मी मान्य केली" हे दिसलेलं. शेवटचं वाक्य गाळू नको. आणि पोराचं लिहायच्या आधी तुझ्या यलोचं लिही.

—

शिट्टीवाला_लातूर

चार दिवसांनी येतोय, दुकानात माणूस सुट्टीवर होता.

रिपोर्ट पाठवला. दीड पान झाला. पहिला परिच्छेद माझाच, कार्ड चुकलं, रेड पाहिजे होतं, मुक्काम आणि जेवण यजमानांकडं होतं, मानधन मॅचआधी हातात घेतलं. बेंच आत आला तेव्हा कार्ड काढलं नाही तेपण. हे लिहायलाच रात्रीचे दोन वाजले, तीनदा खोडलं. पोराचं दुसऱ्या परिच्छेदात, चार ओळी. पाठवायच्या आधी त्याला दुकानात बोलावून वाचून दाखवलं. मला वाटलं चिडेल, रडेल. तो म्हणला, "सर माझ्या ओळी कमी अन् तुमच्या जास्त कशा काय?" मग म्हणला मीपण माझं वेगळं लिहून देतो, आणि दिलं त्यानं, कागदावर, हातानं, खाली सही. त्याच्या अक्षरात "मला दिसले होते" ही ओळ जरा ठळक आहे, पेन दोनदा फिरवलेलं.

संचालक सरांचा फोन आला होता. वर कुठून तरी कळलंय त्यांना. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले की आमच्या घरचं मीठ खाऊन असं लिहिलंस. मी म्हणलो सर, खाल्लं म्हणूनच लिहिलंय. फोन ठेवला त्यांनी. वहिनींबद्दल वाईट वाटतं, त्यांचा यात काय दोष.

वरून काय येतंय ते येऊ दे. एखाददुसरी स्पर्धा बाहेर बसवलं तर बसेन, दुकान आहेच.

या रविवारी गावात खुली स्पर्धा आहे, विद्यापीठाचा काही संबंध नाही, तिथं मला बोलावलंय. पोरगं विचारत होतं येऊ का लाइनला. ये म्हणलं, पण दोन्ही टीममध्ये तुझ्या कॉलेजचं कोण कोण आहे त्याची यादी आधी आण. यादी आणली तर एका टीममध्ये सहा जण त्याच्याच वर्गातले निघाले. मग त्याला त्या मॅचला घड्याळ अन् बदलीच्या चिठ्ठ्यांवर बसवलंय आणि पुढच्या मॅचला फ्लॅग. डबा घरून न्यायलोय, भाकरी अन् शेंगाची चटणी, दोघांचा.

विंगर, तू म्हणलास तसं दोन्ही कार्डं आता पुढच्याच खिशात ठेवणारय, हात मागं-पुढं करायची भानगडच नको.

—

विंगर_सात

मी असं काही म्हणलोच नव्हतो काका 😀 पण ठेवा.

—

पांढरी_रेघ

एकाच खिशात नको रे, घाईत रेडच्या जागी यलो निघंल. यलो छातीच्या खिशात, रेड चड्डीच्या. आणि ऊन लई असलं तर दोन्ही हाफमध्ये पाण्याला एक मिनिट थांबव, नियमात बसतंय.